पद्मिनीला टर्बो लावाल, पण ॲक्सलचं काय?

३० ऑक्टोबर २०२३. काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली तो दिवस. शहरातल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला झाली होती आणि मुंबईत टॅक्सीचं आयुष्य २० वर्षांचं. मुदत संपली, गाडी संपली. त्या आठवड्यात आपल्यापैकी अर्ध्या लोकांचे स्टेटस पद्मिनीचे होते. जिच्यात बसायला लहानपणी नाक मुरडलं, ती अचानक 'व्हाइब' झाली.

टॅक्सी गेल्या, पण खासगी पद्मिनी आणि तिची थोरली बहीण फियाट अजून आहेत. कुणाच्या आजोबांची चाळीच्या मागे ताडपत्रीखाली उभी, कुणी गावाहून आणलेली, कुणी भंगारवाल्याच्या तावडीतून सोडवलेली. पोरं त्या उभ्या करतात, रंग काढतात, सीट शिवून घेतात. आणि मग एका टप्प्यावर एक प्रश्न हमखास येतो : हिला टर्बो लावला तर?

चिंचपोकळी, लालबाग, सातरस्ता या पट्ट्यात हा प्रश्न कुणाला वेडगळ वाटत नाही. गिरण्यांना फिटर, टर्नर, वेल्डर लागायचे आणि ते इथेच राहायचे. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्यांच्या जागी टॉवर आले. पण लोखंडाशी बोलायची सवय एका पिढीत जात नाही. त्यामुळे 'होईल का?' यापेक्षा 'कोण करून देईल?' हीच चौकशी इथे आधी होते.

हा विषय नुसता हौसेचा राहिलेला नाही. मार्च २०२४मध्ये कोस्टल रोडचा पहिला टप्पा खुला झाला. सरळ भागात ताशी ८० आणि बोगद्यात ६० किलोमीटरची मर्यादा असूनही रात्री तिथे रेस लागतात, बदललेल्या सायलेन्सरचा आवाज झोपू देत नाही, अशा तक्रारी आजूबाजूचे रहिवासी करत आले आहेत. लगेच एकच सूर लागतो : मॉडिफाय केलेल्या सगळ्या गाड्या उचला. दुसऱ्या बाजूला पोरांचा सूर : आमचा पैसा, आमची गाडी, तुम्हाला काय? या दोन्हींच्या मधला प्रश्न कुणीच विचारत नाही. वाढवलेली ताकद पेलायला उरलेली गाडी तयार आहे का, आणि ते तपासणार कोण?

४० घोडे आणि त्यांचा संसार

आधी गाडी ओळखू. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. इटलीच्या फियाटशी करार करून तिथे गाड्या बनू लागल्या. १९६४मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, १९७२मध्ये तीच 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. नवं शतक उजाडता उजाडता उत्पादन थांबलं. कुर्ल्याच्या त्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे. गिरणगावाचं झालं तेच कुर्ल्याचंही झालं.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. ताकद ४० हॉर्सपॉवर, टॉर्क साधारण ७० न्यूटन-मीटर. गाडीचं वजन ९०० किलोच्या आसपास. स्टिअरिंगच्या दांड्यावर चार गिअर, मागच्या चाकांना गती, मागे सलग ॲक्सल आणि त्याखाली पाटे. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे.

हे सगळं एकमेकांना साजेसं होतं, हे महत्त्वाचं. इंजिन ४० घोड्यांचं म्हणून क्लच तेवढाच, गिअरचे दाते तेवढेच जाड, ॲक्सल तेवढाच, ब्रेक तेवढेच. घरात कमावणारा एक आणि खर्चही त्याच बेताचा, असा तो संसार. टर्बो म्हणजे त्या घरात एका रात्रीत दुप्पट पगार येणं. ऐकायला मस्त, पण सगळी गणितं बदलतात.

टर्बो नेमकं करतो काय?

इंजिनातून बाहेर पडणारा धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये तो एका छोट्या पंख्यावर सोडतात. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हे पंखे मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात. हवा जास्त गेली की तेवढं पेट्रोल जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. बाहेरच्या हवेइतकाच आणखी एक दाब चढवला, तर कागदावर ४०चे ८० घोडे होऊ शकतात.

कागदावर. कारण हवा दाबली की तापते. तापलेली हवा आणि जास्त दाब यामुळे पेट्रोल नको त्या क्षणी पेटतं. मिस्त्री ज्याला नॉकिंग म्हणतात ते हेच. पिस्टनला भोक पडायला, हेड गॅस्केट उडायला ते पुरेसं असतं. म्हणून मुळात इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी करावं लागतं, हवा थंड करायला इंटरकूलर लागतो, कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल अचूक मोजून देणारं फ्युएल इंजेक्शन लागतं, टर्बोच्या बेअरिंगला सतत ऑइल लागतं. त्यात पद्मिनीच्या क्रँकशाफ्टला आधार फक्त तीन बेअरिंगचा. हल्लीच्या चार सिलिंडरच्या इंजिनांना तो पाच ठिकाणी असतो. त्यामुळे जास्त ताकद हवी असलेले अनेक जण मूळ इंजिनाच्या वाट्याला न जाता दुसरं इंजिन बसवायचा विचार करतात. प्रीमियरचीच १९८५ची ११८ एनई ही गाडी निसानचं ११७१ सीसीचं इंजिन आणि निसानचाच गिअरबॉक्स घेऊन आली होती. पद्मिनीवाल्यांची नजर तिच्या सामानावर जाते ती त्यामुळेच.

मोठ्या कंपन्यांनी हे कसं केलं? बीएमडब्ल्यूने १९७३मध्ये '२००२ टर्बो' आणली. दोन लिटरचं इंजिन, १७० हॉर्सपॉवर. पुढच्या पट्टीवर गाडीचं नाव आरशातल्यासारखं उलटं लिहिलेलं, म्हणजे पुढच्या ड्रायव्हरला आरशात ते सरळ दिसावं आणि त्याने बाजूला व्हावं! आजच्या भाषेत फुल माज. पण त्या माजाच्या खाली काम किती होतं बघा. इंजिनाचं कॉम्प्रेशन मुद्दाम खाली आणलं, पुढे हवा खेळणारे डिस्क ब्रेक दिले, मागे दोन्ही चाकांत ताकद नीट वाटून देणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवलं. आपल्या रीलमध्ये दिसतो फक्त टर्बोचा फुस्स आवाज.

कमकुवत कडी कुठे?

चिंचपोकळीकरांना हे समजवायला इंजिनीअरिंगचं पुस्तक नको. दर गणेशोत्सवात महापालिका धोकादायक पुलांची यादी काढते. त्यात चिंचपोकळीचा रेल्वेवरचा पूल असतो, करी रोडचा असतो. पुलावर एका वेळी १६ टनांपेक्षा जास्त भार नको, थांबू नका, नाचू नका, अशा सूचना येतात. मूर्ती कितीही भव्य असो, ढोल कितीही घुमोत, शेवटी मिरवणूक किती मोठी हे पूल ठरवतो. गाडीचंही तेच.

इंजिनापासून चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या साखळीला ड्राइव्हट्रेन म्हणतात. क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याचे जॉइंट, डिफरन्शियलमधले क्राउन-पिनियन, मग ॲक्सल आणि चाकं. गंमत अशी, की या प्रवासात टॉर्क वाढत जातो. हिशेबासाठी धरू, की पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून टॉर्क १५ पट करतात. मग ७० न्यूटन-मीटरचे ॲक्सलपर्यंत होतात १०५०. टर्बो लावून इंजिनाने १५० दिले, तर तिथे पोचतात २२५०. बॉनेटखाली वाढले ८०, ॲक्सलवर वाढले १२००! बॉनेट उघडून फोटो काढणाऱ्याला हा आकडा दिसत नाही.

मग क्रमाने काय होतं? सगळ्यात आधी क्लच घसरतो. इंजिन ओरडतं, गाडी तेवढी पळत नाही. ही खरं तर स्वस्तातली सूचना. ती न ऐकता जाड प्रेशर प्लेट आणि कडक क्लच प्लेट टाकली, की भार गिअरच्या दातांवर जातो. गिअरबॉक्स बदलला, की शाफ्टच्या जॉइंटवर. ते मजबूत केले, की क्राउन-पिनियनवर. एक कडी घट्ट केली की दुखणं पुढच्या कडीत सरकतं.

यात टायरची भूमिका सगळ्यात दुर्लक्षित. अरुंद टायर जास्त टॉर्क आला की रस्त्यावर घसरतो आणि ॲक्सल वाचतो. म्हणजे तो घरातल्या फ्यूजसारखं काम करतो. आपण दिसायला भारी म्हणून रुंद, चिकट टायर टाकतो. आता टायर घसरत नाही आणि भार थेट ॲक्सलवर येतो. फ्यूजच्या जागी तार बांधल्यासारखं! मागचा ॲक्सल चालत्या गाडीत तुटला तर काय होईल, हे सांगायला नको. पाट्यांचंही तसंच. जोरात क्लच सोडला की पूर्ण ॲक्सल स्वतःभोवती पिळला जातो, पाटे वाकतात, मागचा भाग उड्या मारतो. ते रोखायला वेगळे दांडे बसवावे लागतात.

आणि ब्रेक. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. ताशी ६०ला ठीक वाटणारे ड्रम १२०ला चौपट काम करतात, तापतात आणि तापले की पकड सोडतात. म्हणून खर्चाची यादी करायचीच असेल, तर ती खालून वर करावी : आधी ब्रेक, मग ॲक्सल आणि डिफरन्शियल, मग गिअरबॉक्स आणि क्लच, आणि सगळ्यात शेवटी टर्बो. बहुतेकांची यादी नेमकी उलटी असते.

अमेरिकेत जुन्या गाड्यांची ताकद वाढवणारे फोर्डचा 'नाइन इंच' म्हणून ओळखला जाणारा मागचा ॲक्सल सर्रास वापरतात. तयार मिळतो, सुटे भाग मिळतात, किती ताकद पेलतो ते माहीत असतं. पद्मिनीसाठी तसं काही रेडीमेड नाही. इथे दुसऱ्या गाडीचा ॲक्सल कापून, लांबी जुळवून, वेल्डिंग करून बसवावा लागतो. ते वेल्डिंग कसं झालंय, हे तपासणारं कुणी नाही. आणि इथेच विषय गॅरेजमधून कायद्यात जातो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. केरळमधल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता याच्या शेजारी कलम १८९ ठेवून बघा. ते रस्त्यावर रेस लावण्याबद्दल आहे. पहिल्या गुन्ह्याला कैद जास्तीत जास्त तीन महिने, दंड पाच हजारांपर्यंत. पुन्हा सापडला तर एक वर्षापर्यंत. म्हणजे पहिल्यांदा पकडलेल्या दोघांची तुलना केली, तर गॅरेजमध्ये गाडी बदलणाऱ्याला कोस्टल रोडवर रेस लावणाऱ्यापेक्षा दुप्पट कैद होऊ शकते. कंपनीतून तयार आलेली, कितीतरी पट ताकदीची महागडी गाडी घेऊन कुणी बोगद्यात सुसाट सुटला, तर गाडीच्या बदलाचा प्रश्नच नाही. जीव घेतो तो वेग आणि बेदरकारपणा. कायद्याची जास्त कडक नजर मात्र पान्यावर. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, ते हेच.

याचा अर्थ कलम ५२ चुकीचं आहे असा नाही. वर ॲक्सलचं गणित पाहिलं. कुणीही उठावं आणि काहीही जोडावं, ही मोकळीक सव्वा-दीड कोटींच्या शहरात परवडणारी नाही. अडचण अशी आहे, की कायद्याला फक्त 'नाही' म्हणता येतं. ज्याने टर्बोआधी ब्रेक, ॲक्सल, गिअरबॉक्स सगळं नीट केलं आणि ज्याने नुसता टर्बो चिकटवला, ते दोघं त्याच्या लेखी सारखेच गुन्हेगार. मग नीट काम करायचं बक्षीस काय? काहीच नाही. उलट जितके जास्त भाग मजबूत केले, तितके जास्त 'बदल' आणि प्रत्येकी पाच हजार!

पन्नाशीची पाटी

आणखी एक पेच आहे. जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी, नवीन नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत. गाडी रोज फिरवायची नाही, पण रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठी काढता येते. १९६४पासूनच्या डिलाइट यात बसतात आणि पहिल्या पद्मिनीही आता पन्नाशी ओलांडत आहेत.

अट एकच : गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे आजोबांच्या फियाटला टर्बो लावला की ती व्हिंटेज राहत नाही आणि कायदेशीर मॉडिफाइडही होत नाही. धड ना इकडची, ना तिकडची. शिवाय नुसती जुनी म्हणून ठेवायची तर खर्च वाढता आहे. ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १० हजार रुपये झालं.

बाहेरचे काय करतात?

जर्मनीत मॉडिफिकेशन म्हणजे पळवाट नसते. गाडीत बदल केला, की मान्यताप्राप्त संस्थेचा इंजिनीअर तो तपासतो. ब्रेक, टायर, आवाज, धूर सगळं जुळलं, तर बदल गाडीच्या कागदांवर चढतो. नाही जुळलं, तर गाडी रस्त्यावर येत नाही.

ब्रिटनने जुन्या गाडीची ओळख शाबूत आहे का हे ठरवायला अनेक वर्षं गुणपद्धत वापरली. मूळ चेसिस किंवा बॉडीला पाच गुण, सस्पेन्शनला दोन, ॲक्सलना दोन, गिअरबॉक्सच्या साखळीला दोन, स्टिअरिंगला दोन. आणि इंजिनाला? फक्त एक! गाडीची ओळख आणि भार तोलणारे भाग आधी, घोडे शेवटी. रीलवाल्यांनी आणि नियम करणाऱ्यांनी दोघांनीही हा तक्ता बघावा असा आहे.

आपल्याकडे हे जमणारच नाही असं नाही, कारण एका बाबतीत ते जमलेलं आहे. कलम ५२मध्येच अपवाद आहे. इंधन बदलायचं असेल, म्हणजे सीएनजी किंवा बॅटरी, तर मान्यताप्राप्त किट ठरलेल्या अटींवर बसवता येतं. ही किट तपासण्याचं काम पुण्याची एआरएआय करते. ही संस्था १९६६पासून गाड्यांची परीक्षा घेते आहे. इलेक्ट्रिक मोटर तर शून्य वेगापासूनच पूर्ण टॉर्क देते, म्हणजे ॲक्सलचा प्रश्न तिथेही येतोच. तरी वाट निघाली, कारण आधी परीक्षा ठेवली आणि मग परवानगी दिली. तीच पद्धत पेट्रोलवाल्यांसाठी का नको? ब्रेक आणि ॲक्सलची तपासणी, धूर आणि आवाजाची मर्यादा, ठरावीक टक्क्यांपर्यंतच ताकद वाढवायची मुभा, आणि काम करणाऱ्या मिस्त्रीची नोंद.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. आज हे काम करणारा मिस्त्री बिल देत नाही, नाव सांगत नाही, फोटोत येत नाही. त्याचं कौशल्य चोरीच्या मालासारखं लपून विकलं जातं. हेच काम उघड्यावर आलं, तर लोअर परळच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या पोराला ते करिअर म्हणून निवडता येईल. माटुंग्याचं व्हीजेटीआय आणि पवईचं आयआयटी इथले विद्यार्थी स्पर्धेसाठी स्वतः गाड्या बांधतात. तिथे ट्रॅकवर उतरण्याआधी परीक्षक गाडीचा बोल्ट अन् बोल्ट बघतात आणि ब्रेकच्या परीक्षेत नापास झालेली गाडी बाहेर बसते. कुणी त्याला अन्याय म्हणत नाही.

तोपर्यंत, आजोबांची फियाट ताडपत्रीखाली असेल तर आधी कॅलेंडर बघा. ५० वर्षं झाली असतील तर तिला आहे तशी जपा, 'व्हीए' पाटीला पात्र असलेल्या मूळ रूपातल्या गाड्या दिवसेंदिवस कमी होणार आहेत. पन्नाशीला अवकाश असेल तर ब्रेक, स्टिअरिंग, पाटे, जॉइंट यांवर पैसे घाला. मूळ मापाचे सुटे भाग टाकणं ही दुरुस्ती आहे, बदल नाही. ताकदीची खाज असेलच, तर ती गाडी फक्त ट्रॅकसाठी ठेवा, ट्रेलरवरून न्या आणि तिथेच पळवा. आणि विमा कंपनीला न सांगता केलेला प्रत्येक बदल अपघातानंतर तुमच्याच गळ्यात येऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

बाकी टर्बो कुठेही मिळतो. तो लावून देणाराही मिळेल. त्याला पहिला प्रश्न एवढाच विचारा : ॲक्सल कुठला टाकणार? उत्तर द्यायला तो अडखळला, तर चावी खिशात ठेवा आणि घरी या.